किलोमीटर कमी, वय मात्र पुरे: गाडीच्या निगेविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा उलटून दिवाळीच्या प्रवासाचे बेत सुरू झाले की या सदराकडे येणारी पत्रे वाढतात. यंदाच्या पत्रांत एक समजूत वारंवार आढळली. बहुतेक वाचक गाडीची देखभाल फक्त चाललेल्या किलोमीटरवरून ठरवतात. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव), बॅटरी आणि टायरचे रबर यांचे वय मात्र गाडी उभी असतानाही वाढत असते. म्हणून पहिले उत्तर जरा विस्ताराने दिले आहे.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, सातारा): माझी पेट्रोलवरची छोटी गाडी ६ वर्षांची असून ती आजवर फक्त १४,००० किलोमीटर चालली आहे. मंडई, बँक आणि महिन्यातून एखादे वेळी कोरेगावला बहिणीकडे जाणे, एवढाच तिचा वापर. सर्व्हिसिंग १०,००० किलोमीटरला करायचे असते असे वाचल्यामुळे मी ते आतापर्यंत एकदाच केले. गॅरेजमधून मात्र दरवर्षी फोन येतो. याची खरोखर गरज असते का?

उत्तर: गरज असते, आणि आपल्यासारख्या वापरात ती अधिकच असते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील ते वाक्य पूर्ण वाचून पाहावे. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत '१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते' अशा आशयाचा मजकूर असतो. त्यातला दुसरा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १ लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच, म्हणजे सुमारे १ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे बाहेर पडते. पण थोडा अंश पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली ऑइलमध्ये उतरतो आणि त्याच्यासोबत न जळलेले पेट्रोलही थोडेसे उतरते. गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालली, तर ऑइल चांगले तापते आणि हे पाणी व पेट्रोल उडून जाते. घरापासून मंडईपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये मात्र ऑइल जेमतेम कोमट होते आणि इंजिन बंद पडते. असे महिनोन् महिने चालले की ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल साठत जाते, त्यातली संरक्षक द्रव्ये संपत जातात आणि सायलेन्सर आतून गंजू लागतो. इंजिन पूर्ण थंड असताना ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला पिवळसर, दुधाळ फेस दिसतो का ते पाहावे. थोडा फेस दिसला, तर तो बहुधा आखूड फेऱ्यांचा परिणाम असतो. फेस जास्त असेल आणि त्याच वेळी कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातले कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणारी चकती, तपासून घेण्यास उशीर करू नये.

आता आपल्या गाडीचे काय करावे ते सांगतो. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर लगेच बदलून घ्यावेत आणि पुढे दरवर्षी बदलत राहावेत. ब्रेक ऑइल ६ वर्षांत एकदाही बदलले नसेल, तर तेही आता बदलावे, कारण ते हवेतला ओलावा शोषून घेते. त्याविषयी पुढे आंबोली घाटाच्या प्रश्नात लिहिले आहे. कूलंटची मुदत गाडीगणिक वेगळी असते, ती पुस्तिकेत पाहावी. टायरची नक्षी आपल्याला जवळजवळ नवी दिसत असेल. तरी टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी असलेले चार आकडे वाचावेत. तेथे २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला आहे. पाच-सहा वर्षांनंतर रबर कडक होऊ लागते आणि टायरच्या बाजूंवर व नक्षीच्या खाचांत बारीक चिरा दिसू लागतात. असा टायर गावात वर्षभर चालेलही, पण महामार्गावर नेण्याजोगा राहत नाही.

आणखी एक सुचवतो. कोरेगावची फेरी महिन्यातून एकदा असते, ती पंधरवड्यातून एकदा करावी आणि परतताना थोडा लांबचा रस्ता घ्यावा. गाडीला त्याचा निश्चित उपयोग होईल, आणि बहिणीलाही ते आवडेल असे वाटते.

प्रश्न (डोंबिवली): आम्ही दोघे वर्षातून ४ महिने मुलीकडे परदेशात असतो. गाडी सोसायटीच्या तळघरात उभी असते. शेजारचे गृहस्थ दर रविवारी येऊन ती ५ मिनिटे सुरू ठेवतात. तरीही परत आल्यावर बॅटरी उतरलेली असते. बॅटरी खराब आहे का?

उत्तर: बॅटरीत दोष असेलच असे नाही. गाडी कुलूपबंद असतानाही घड्याळ, चोरीचा इशारा देणारी यंत्रणा आणि इंजिनचा संगणक थोडी वीज घेत असतात. ही वीज ५० मिलिअँपिअर धरली, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने महिनाभरात पूर्ण रिकामी होईल, आणि त्याच्या बरेच आधी ती सेल्फ फिरवण्याजोगी राहणार नाही. शिशाची बॅटरी सावकाश भरते, त्यामुळे ५ मिनिटांत आठवड्याची तूट भरून निघत नाही. शिवाय आधी म्हटल्याप्रमाणे थंड इंजिन थोडा वेळ चालवून बंद केल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठते. शेजाऱ्यांची सद्भावना मोठी आहे, पण त्यांना हे काम न सांगणे बरे.

त्याऐवजी जाण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून ठेवावी. ती आधी सोडवावी आणि परतल्यावर सर्वांत शेवटी जोडावी. पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडू नये, यासाठी हा क्रम आहे. तार काढल्यावर म्युझिक सिस्टीमला सांकेतिक क्रमांक लागतो का, आणि डिकी विजेवर उघडणारी आहे का, हे आधी पाहून ठेवावे. हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण ४ महिन्यांत तो चिकटू शकतो. जमीन सपाट असल्याची खात्री करून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. टायरमध्ये हवा पूर्ण असावी. परतल्यावर बॅटरीचा विद्युतदाब मोजून घ्यावा. विश्रांतीच्या अवस्थेत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली आणि १२.२ म्हणजे साधारण अर्धी. वारंवार पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या आतल्या पट्ट्यांवर कठीण थर चढतो आणि मग ती भरूनही टिकत नाही. आपल्या बॅटरीवर अशी वेळ आधीच आली असण्याची शक्यता आहे, म्हणून ती एकदा भार देऊन तपासून घ्यावी.

प्रश्न (बेळगाव): गेल्या महिन्यात आंबोली घाटाने सावंतवाडीला उतरत होतो. गाडीत आम्ही पाच जण आणि सामान होते. उताराच्या शेवटच्या टप्प्यात जळका वास येऊ लागला आणि ब्रेकचे पॅडल एकदम मऊ लागले. अर्धा तास थांबल्यावर ब्रेक पूर्ववत झाले. मेकॅनिकने पाहून पॅड जवळजवळ नवे असल्याचे सांगितले. इंधन वाचावे म्हणून मी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतो, हेही सांगायला हवे.

उत्तर: हे आपण मोकळेपणाने सांगितले हे फार बरे झाले, कारण दुखण्याचे मूळ तिथेच आहे. प्रवासी आणि सामानासह गाडीचे वजन दीड टन धरले आणि ती ६०० मीटर खाली उतरली असे मानले, तर जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढ्या ऊर्जेने सुमारे २६ लिटर साधे पाणी उकळीपर्यंत तापेल. गाडी गिअरमध्ये असली की या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन स्वतःवर घेते. न्यूट्रलमध्ये हवेचा विरोध आणि चाकांचे घर्षण सोडले, तर बाकी सगळी उष्णता ब्रेकच्या चकत्यांत आणि पॅडमध्ये जाते. जळका वास त्याचाच होता.

पॅडल मऊ होणे ही याहून गंभीर गोष्ट आहे. ब्रेक ऑइल नवे असते तेव्हा ते पुष्कळ उष्णता सहन करते. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण ते हवेतला ओलावा शोषत राहते आणि त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले, की हा बिंदू १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. घाटात ब्रेक तापले की असे जुने ऑइल उकळते आणि नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पॅडल खाली जाते आणि चाक थांबत नाही. गार झाल्यावर बुडबुडे विरतात आणि सर्व काही ठीक असल्यासारखे वाटते. पुढच्या घाटात पुन्हा तेच होईल. पॅड नवे असल्याने यात काहीही फरक पडत नाही. ब्रेक ऑइल आताच पूर्ण बदलून, नळ्यांतली हवा काढून घ्यावी आणि पुढे दर २ वर्षांनी ते बदलावे. बेळगावसारख्या भरपूर पावसाच्या भागात, त्यातही कोकणात वरचेवर उतरणाऱ्याने, ही मुदत लांबवू नये.

इंधनाविषयीची आपली समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये असून अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल, तर ठरावीक वेगाच्या वर इंजिनाला जाणारे इंधन पूर्ण बंद होते आणि चाकेच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जाळावेच लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये ब्रेकही झिजतात आणि इंधनही खर्च होते. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबून वेग उतरवावा आणि मग पाय काढून घ्यावा. स्वयंचलित गिअरच्या गाडीत खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. एक विनंती मनापासून करतो: उतारावर इंजिन कधीही बंद करू नये. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते आणि स्टिअरिंगही जड होते. तापलेल्या चाकांवर पाणी ओतण्याचीही अनेकांना सवय असते. त्याने ब्रेकच्या चकत्या वाकू शकतात किंवा त्यांना तडे जाऊ शकतात, म्हणून त्या हवेनेच गार होऊ द्याव्यात.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): समृद्धी महामार्गाने नागपूरला नेहमी जावे लागते. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या वाचून भीती वाटते. उन्हाळ्यात हवा गरम होऊन वाढते, म्हणून पंपावरचा मुलगा ३-४ पीएसआय हवा कमी भरण्याचा सल्ला देतो. ते योग्य आहे का? नायट्रोजन भरावा का?

उत्तर: तो सल्ला कृपया मानू नये. टायर फुटण्याचे सर्वांत मोठे कारण कमी हवा हेच आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेरीत जास्त दुमडतात, आणि ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या छोट्या गाडीचे चाक मिनिटाला १,००० हून अधिक वेळा फिरते. एवढ्या दुमडण्यातून निर्माण होणारी उष्णता बाहेर पडण्यापेक्षा वेगाने साठते, रबर आणि आतले दोरे यांची पकड सुटते आणि शेवटी टायर फाटतो. चालून तापल्यावर दाब ३-४ पीएसआयने वाढतो हे खरे आहे, पण ती वाढ गृहीत धरूनच गाडीच्या कंपनीने थंड टायरचा आकडा दिलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत त्याची पट्टी असते. भरलेल्या गाडीसाठी आणि वेगासाठी त्यावर वेगळा, वाढीव आकडा असेल, तर समृद्धीवर निघताना तोच पाळावा. हवा पहाटे निघण्यापूर्वी, घराजवळच्या पंपावर तपासावी. वाटेत तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडली, तर पुढचा प्रवास कमी हवेवर होतो.

७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचे वैशिष्ट्य असे की त्यावर ना सिग्नल आहे, ना गाव, त्यामुळे टायरला उसंत मिळत नाही. शहरात जो टायर दर पाच मिनिटांनी थोडा गार होतो, तो येथे सलग दोन तास तापतो. म्हणून दर दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर थांबावे, उतरून चारही टायर पाहावेत आणि तळहात टायरजवळ नेऊन पाहावा. एक टायर बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त गरम लागला, तर त्यातली हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक अडकतो आहे, असे समजावे. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. पावसात वेगाने जाणाऱ्याने ३ मिलिमीटरला टायर बदलावा, असे माझे मत आहे. टायरच्या बाजूवर फुगवटा आलेला असेल, तर तो टायर त्याच दिवशी काढावा. अशा फुगवट्याच्या जागी आतले दोरे तुटलेले असतात आणि त्यावर कोणताही उपाय नसतो. स्टेपनीचेही वय पाहावे, कारण न वापरलेली, ८ वर्षांची स्टेपनी महामार्गावर भरवशाची नसते.

नायट्रोजनविषयी थोडक्यात सांगायचे तर साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन रबरातून ऑक्सिजनपेक्षा सावकाश झिरपतो, त्यामुळे दाब किंचित जास्त काळ टिकतो, पण महिन्यातून दोनदा हवा तपासणाऱ्याला त्यासाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही.

प्रश्न (ठाणे): माझी २०२१ची डिझेल गाडी आहे. घर ते कार्यालय ६ किलोमीटर, तेही गर्दीतून. पिवळा दिवा वारंवार लागतो आणि दर वेळी गॅरेजमध्ये 'डीपीएफ जाम झाला' असे सांगून तो साफ करतात. गाडीत दोष आहे का?

उत्तर: आपण लिहिलेल्या तपशिलावरून गाडी निर्दोष असावी; ती आपल्या वापरासाठी योग्य नाही, असे मला वाटते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या, गाड्यांच्या धुराविषयीच्या बीएस ६ निकषांमुळे डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसवलेली असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी तेथील तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावे लागते. गाडी ते आपोआप करते, पण त्यासाठी तिला २० ते ३० मिनिटे बऱ्या वेगाने सलग चालावे लागते. गर्दीतल्या ६ किलोमीटरमध्ये ही क्रिया सुरू होते आणि आपण किल्ली फिरवल्याने अर्धवट राहते. अशा अर्धवट प्रयत्नांत जादा फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी पट्टीवरच्या वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर ते पातळ झाले आहे असे समजून लगेच बदलावे. ऑइल वाढलेले पाहून काही जण समाधान मानतात, प्रत्यक्षात ती धोक्याची खूण असते.

दर आठवड्याला एकदा नाशिक महामार्गावर जाऊन-येऊन तासभर गाडी एका लयीत चालवावी. दिवा लागला तर गाडी बंद न करता तो विझेपर्यंत चालवत राहावे. मात्र दिवा लाल असेल किंवा इंजिनाची ताकद कमी झाली असेल, तर थेट गॅरेज गाठावे. ऑइलही डीपीएफसाठीचे, कमी राख सोडणारेच असले पाहिजे. गाडी बदलण्याचा विचार असेल, तर एवढ्या आखूड प्रवासासाठी डिझेल पुन्हा घेऊ नये.

प्रश्न (लातूर): माझी गाडी २०१६ची आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने ती खराब होईल का? अॅव्हरेज कमी झाले आहे, हे नक्की.

उत्तर: अॅव्हरेज कमी होणे अपेक्षित आहे, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. जुन्या जडणघडणीच्या चारचाकींत इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही दिला होता. घट याहून बरीच जास्त असेल, तर ती इथेनॉलवर न ढकलता हवेचा फिल्टर, स्पार्क प्लग, टायरमधली हवा आणि अडकणारे ब्रेक यांकडे पाहावे.

जुन्या गाडीत लक्ष ठेवायचे ते रबरी नळ्या आणि वायसरांवर. इथेनॉलने काही जुनी रबरे फुगतात किंवा कडक होतात. दर सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या टाकीपासून इंजिनपर्यंत पाहून घ्याव्यात आणि उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा वास आला, तर ती सुरू न करता तपासून घ्यावी. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून अशी गाडी तळाशी गेलेल्या पेट्रोलवर महिनोन् महिने उभी ठेवू नये.

प्रश्न (मालवण): समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तीन वर्षांतच दारांच्या खालच्या कडा आणि मडगार्डच्या आतला भाग गंजू लागला. गॅरेजमध्ये खालून काळे कोटिंग मारून देऊ म्हणतात.

उत्तर: कोटिंग जरूर करावे, पण गंज पूर्ण खरवडून, त्यावर गंजरोधक प्रायमर लावून झाल्यावरच. गंजावर थेट मारलेल्या कोटिंगखाली ओलावा कोंडतो आणि पत्रा दृष्टीआड आणखी वेगाने खाल्ला जातो. दुसरे म्हणजे, दारांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी बारीक भोके असतात, ती कोटिंगने बुजता कामा नयेत. आपल्या दारांच्या कडा गंजण्याचे कारण तीच भोके मातीने आणि पालापाचोळ्याने बंद होणे हे असू शकते. एखाद्या बोथट काडीने ती मोकळी करून पाहावीत. खाऱ्या हवेतला क्षार धुऊन काढण्यासाठी गाडी वरून पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खालून गोड्या पाण्याचा फवारा मारणे महत्त्वाचे आहे.

मासळीविषयी मुद्दाम लिहितो. बाजारातून आणलेल्या मासळीचे खारट पाणी डिकीच्या गालिच्याखाली झिरपते आणि तेथला पत्रा आतून गंजतो. आपल्या भागातल्या कितीतरी गाड्यांच्या स्टेपनीच्या खोलग्यात मी अशी भोके पडलेली पाहिली आहेत. डिकीत कड असलेली प्लास्टिकची परात ठेवावी आणि महिन्यातून एकदा गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा. पावसाळ्यात सकाळी ब्रेकच्या चकत्यांवर दिसणारा तांबूस थर मात्र काळजीचा नाही, तो दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर निघून जातो.

प्रश्न (पुणे): गेल्या सर्व्हिसिंगच्या बिलात इंजिन फ्लशिंग, डिकार्बनायझेशन, एसी निर्जंतुकीकरण आणि सायलेन्सर कोटिंग अशा बाबी होत्या. गाडी दोन वर्षांची आहे. यांतले आवश्यक काय? शिवाय आमचे काका सांगतात, की हल्लीचे ऑइल पाण्यासारखे असते, म्हणून घट्ट ऑइल भरून घ्यावे.

उत्तर: पुस्तिकेत शेवटच्या पानांत देखभालीचा तक्ता असतो. कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे आणि काय बदलायचे, हे गाडी बनवणाऱ्यांनी त्यात लिहिलेले असते. त्यात नसलेली प्रत्येक बाब म्हणजे सुचवणी आहे, आणि ती नाकारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. वेळेवर ऑइल बदललेल्या दोन वर्षांच्या इंजिनाला फ्लशिंगची, म्हणजे आतून धुऊन काढण्याची, गरज नसते. डिकार्बनायझेशन, म्हणजे इंजिनात साठलेली काजळी काढणे, हे ताकद कमी झाली, थरथर आली किंवा तपासणीत काजळी दिसली, तरच करावे. एसीचा केबिन फिल्टर मात्र पुण्याच्या धुळीत वर्षातून एकदा बदलायलाच हवा. बहुतेक गाड्यांत तो समोरच्या खणाच्या मागे असतो आणि घरच्या घरी दहा मिनिटांत बदलता येतो. 'एसीचा गॅस संपला' असे कोणी म्हणाले, तर गळती कुठे आहे ते आधी दाखवावे असे सांगावे. बंद यंत्रणेतला गॅस वापराने संपत नाही, तो कमी झाला असेल तर गळूनच.

गाडी देताना कामाच्या कागदावर सर्व बाबी लिहून घ्याव्यात, 'फोनवर विचारल्याशिवाय जादा काम करू नये' असे त्यावर नोंदवावे आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. चांगला कारागीर याने दुखावत नाही. उलट जुना भाग हातात देऊन तो का बदलला हे समजावून सांगणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडे गाडी वर्षानुवर्षे नेत राहावी.

काकांचा अनुभव त्यांच्या काळातल्या इंजिनांबाबत बरोबर असेल. ऑइलच्या डब्यावरच्या ०डब्ल्यू-२० सारख्या खुणेत पहिला आकडा थंडीतली प्रवाहिता आणि दुसरा १०० अंशांना ऑइल किती दाट राहते ते सांगतो. आजच्या इंजिनातल्या फटी आणि ऑइलच्या वाटा पातळ ऑइल धरूनच आखलेल्या असतात. घट्ट ऑइल सकाळी सुरू करताना वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि इंजिनाची पुष्कळशी झीज त्याच क्षणांत होते. पुस्तिकेत लिहिलेलेच ऑइल भरावे. त्यात दोन-तीन दर्जे दिलेले असतील, तर त्यांपैकी निवड करण्यास हरकत नाही.

प्रश्न (जळगाव): कूलंट कमी झाल्यावर बोअरचे पाणी घातले तर चालते का?

उत्तर: अडचणीत, गॅरेज गाठण्यापुरते कोणतेही स्वच्छ पाणी चालते, नेहमीसाठी नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत दगडासारखे बसतात आणि जळगावच्या उन्हाळ्यात अशी गाडी तापल्यावाचून राहत नाही. तयार मिश्रणाचे कूलंट आणावे किंवा तीव्र कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. कूलंट बंद यंत्रणेत फिरते, म्हणून ते दर महिन्याला कमी होत असेल, तर नुसते भरत न राहता गळती शोधावी. गरम इंजिनावरचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले द्रव दाबाखाली १०० अंशांच्या वर तापलेले असते, आणि झाकण उघडताच ते उसळून तोंडावर येते. असे भाजलेले दोन मुलगे मी गॅरेजच्या कामात पाहिले आहेत.

प्रश्न (नाशिक): सीएनजी गाडीची वेगळी काळजी काय घ्यावी?

उत्तर: टाकीची जलदाब चाचणी दर ३ वर्षांनी करून घेणे बंधनकारक आहे, आणि ती तारीख गाडीवरील पट्टीवर लिहिलेली असते. मुदत संपली असेल, तर पंपावर गॅस नाकारला जाऊ शकतो. रोज सुरुवातीचे काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावे, म्हणजे पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप कोरडे पडत नाहीत. स्पार्क प्लग पुस्तिकेतील मुदतीला बदलावेत, कारण सीएनजी पेटवण्यासाठी ठिणगी अधिक जोरकस लागते.

प्रश्न (पुणे, पेठ भाग): वाड्याच्या बोळात गाडी उभी असते आणि उंदीर वायरी कुरतडतात. तंबाखूची पाने ठेवून पाहिली, उपयोग झाला नाही.

उत्तर: वासाचे उपाय चार दिवस टिकतात, नंतर उंदरांना त्यांची सवय होते. इंजिनाखालची पोकळी बारीक पोलादी जाळीने मेकॅनिककडून बंद करून घ्यावी. मात्र गरम धुराड्याला आणि फिरणाऱ्या पट्ट्यांना जाळी लागणार नाही, याची खात्री करावी. गाडीत खाण्याचे काहीही ठेवू नये आणि कचऱ्याच्या डब्यापासून ती दूर उभी करावी. दोन दिवस उभी राहिलेली गाडी सुरू करण्यापूर्वी बोनेट उघडून पाहावे. कुरतडलेली वायर नुसती चिकटपट्टी गुंडाळून तशीच ठेवू नये, कारण गाडीला आग लागण्याचे ते एक कारण ठरते. आपल्या विम्यात उंदरांनी केलेले नुकसान धरले आहे का, हे नूतनीकरणाच्या वेळी लेखी विचारून घ्यावे.